जादा कोंबड्यांचा प्रश्न

राजांच्या वंशावळी, लढायांच्या तिथी, तहांची कलमे आणि ताम्रपटांवरील अक्षरे एवढ्यांनाच इतिहास म्हणावयाचे, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची जुनी समजूत आहे. खुराड्यालाही इतिहास असतो असे म्हटले तर पुष्कळांना हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे. परंतु तीन हजारांहून अधिक वर्षे माणसाच्या पायांत वावरणाऱ्या ह्या पक्ष्याच्या बाबतीत एक साधा व्यावहारिक प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागलेला आहे, आणि तो कोणी कसा सोडविला हे पाहू गेल्यास धर्म, कायदा, जुगार, व्यापार व विज्ञान ह्या सर्वांची दारे ठोठवावी लागतात. तो प्रश्न असा की, घरी अंडी उबवून पिल्ले काढली म्हणजे त्यांत जे निम्मे नर निघतात, त्यांचे काय करावयाचे?

प्रश्नाचे स्वरूप नीट ध्यानात यावे म्हणून एखादे गाव डोळ्यांपुढे घेऊ. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात युसूफ वडगाव नावाचे गाव आहे. वडगावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. त्यांतून हे ओळखू यावे म्हणून त्याच्यामागे युसूफ हे नाव जोडलेले आहे, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत होता ह्याची ते नाव अजून आठवण देते. अशा गावी खुडूक झालेल्या कोंबडीखाली घरधनीण दहाबारा अंडी ठेवते. एकवीस दिवसांनी पिल्ले फुटतात. काही घार उचलते, काही मांजर व मुंगूस नेते, एखाद्या वर्षी मानमोडीची साथ येते आणि डालगेच्या डालगे रिकामे होते. ह्या सर्वांतून आठ वाचली असे धरले, तर सरासरीने चार तलंगा व चार कोंबडे. निसर्गाने नर आणि मादी ह्यांचा हिशेब सारखा ठेवला आहे. माणसाला मात्र तो सारखा नको आहे. आठदहा कोंबड्यांना एक नर पुरतो. दुसरा ठेवला तर दोघे एकमेकांस रक्तबंबाळ करतात, कोंबड्यांच्या पाठीवरची पिसे उपटली जातात, दाणा खर्च होतो आणि अंडे एकही वाढत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तुरा लाल होतो, शेपटीचे पीस वाकते, आवाज फुटतो न फुटतो तोच आरवण्याची उमेद सुरू होते, आणि निर्णयाची वेळ येऊन ठेपते.

खेड्याने हा निर्णय बहुतांशी पंचांगावर सोपविला होता. हिवाळ्यात, मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास काढलेली पिल्ले आषाढ लागेपर्यंत सहासात महिन्यांची होतात, म्हणजे देशी कोंबडा जितका भरावयाचा तितका भरतो. आषाढ हा आपल्याकडील मोठा चमत्कारिक महिना आहे. ह्याच महिन्यात वारकरी पंढरीची वाट चालतात, आणि ह्याच महिन्यात, पुढे श्रावणाचे निर्बंध आहेत म्हणून, मांसाहारी घरांत आखाड साजरा होतो. मरीआई, म्हसोबा, लक्ष्मीआई ह्यांचे नवसही पुष्कळदा ह्याच दिवसांत फेडतात. पावसाळ्याच्या तोंडाशी पटकीची साथ यावयाची, आणि ज्या देवीच्या कोपाने ती येते अशी समजूत होती तिला कोंबडा द्यावयाचा. ह्या योजनेत भक्ती किती आणि खुराडे मोकळे करण्याची सोय किती, हा वाद आम्ही घालीत नाही. इतकेच म्हणतो की, जो देव मादीऐवजी नर मागतो त्याला संसार कळतो.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. गावगाड्यात मुलाणी हा एक हक्कदार होता, आणि बकरे किंवा कोंबडे कापण्याचे काम अनेक गावी त्याच्याकडे असे, हिंदूंच्या घरचेही. नवस म्हसोबाचा आणि सुरी मुलाण्याची, ह्यात कोणास विसंगती वाटत नसे. दुसरी गोष्ट पैशाची. शेत पुरुषाच्या नावावर, बैल पुरुषाचे, कर्ज पुरुषाचे; परंतु कोंबड्या बाईच्या. बाजारच्या दिवशी पाय बांधून नेलेल्या कोंबड्याचे पैसे मिठामिरचीला, बांगड्यांना किंवा लेकीच्या पाठवणीला लागत. घरात पाहुणा आला, विशेषतः जावई, तर तोच कोंबडा पानात पडे आणि बाईचा पैसा बुडे. जुन्या संसारातील ह्या लहानशा अन्यायाची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. घराला कुलूप लागते, आणि राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडून सारी पाखरे सांभाळणे होत नाही. तेव्हा कोंबड्यांपैकी काही गाडीवर डालग्यात चढतात, आणि नरांचा निकाल निघण्यापूर्वी लावावा लागतो. आषाढात जे सुटले ते येथे सापडतात.

आता थोडे मागे जाऊ. कोंबडा हा मूळचा रानपक्षी. आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा हा त्याचा मुख्य पूर्वज, ही डार्विनची समजूत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने पुष्कळ अंशी पक्की केली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे माणसाळलेल्या कोंबडीचे सर्वांत जुने निश्चित अवशेष थायलंडमधील बान नॉन वाट येथील असून ते इ. स. पूर्व १६५० ते १२५० ह्या काळातले आहेत. भात व तृणधान्ये पिकू लागली, सांडलेल्या दाण्यासाठी पाखरे जवळ आली, आणि राहिली. ह्यात आपल्याकडचाही वाटा आहे. पुष्कळ कोंबड्यांचे पाय व कातडी पिवळी असते; हा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून सह्याद्रीच्या व दक्षिण हिंदुस्थानच्या रानांतील करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे २००८ साली सिद्ध झाले. आपल्या रानातला एक चुकार नर कोणे एके काळी कोणाच्या तरी खुराड्यात शिरला, आणि आज जगभर त्याचा रंग पसरलेला आहे. एका नराचे महत्त्व किती, ह्याला ह्याहून मोठा दाखला आम्हांस ठाऊक नाही.

जादा नरांविषयी आपल्या देशातील एक जुना आणि अत्यंत बोलका पुरावा अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात आहे. राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर, म्हणजे इ. स. पूर्व २४३ च्या सुमारास, त्याने अनेक प्राण्यांना अभय दिले. त्या यादीत पोपट, मैना, हंस इत्यादी आहेत. गाभण व दुभत्या शेळ्यामेंढ्या मारू नयेत, सहा महिन्यांच्या आतली पिल्ले मारू नयेत असे आहे. आणि त्याच ओघात कोंबडे खच्ची करू नयेत अशी आज्ञा आहे. बैल, बोकड, मेंढे व डुकरे ह्यांच्या बाबतीत त्याने खच्चीकरणाला फक्त काही तिथींना व पर्वणींना बंदी केली. कोंबड्यांच्या बाबतीत मात्र सरसकट केली. असे का? बैल खच्ची केल्याशिवाय शेती चालत नाही, हे सम्राटाला कळत होते. कोंबडा खच्ची करावयाचा तो केवळ तो शांत राहावा, चरबी धरावी आणि मांस कोवळे राहावे म्हणून. शिवाय पक्ष्याची वृषणे पोटात, पाठीच्या कण्याजवळ असतात. बरगड्यांमधून चीर देऊन ती काढावी लागतात, आणि पुष्कळ पाखरे त्यातच मरतात. जिभेच्या चोचल्यासाठी एवढी वेदना नको, असा त्या आज्ञेचा अर्थ आम्ही करतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने आज्ञेची दुसरी बाजूही वाचावी. जे कोणी करीतच नाही त्याला बंदी घालण्याचे कारण पडत नाही. तेव्हा सव्वाबावीसशे वर्षांपूर्वी आपल्या देशात जादा नरांची संख्या इतकी होती, आणि त्यांची वासलात लावण्याची ही कला इतकी प्रचलित होती, की तिची दखल शिलास्तंभावर घ्यावी लागली.

मनुस्मृतीने प्रश्न निराळ्या रीतीने मिटविला. तिच्या पाचव्या अध्यायात द्विजांना गावकोंबडा वर्ज्य सांगितला आहे. लसूण, कांदा व उकिरड्यावरचा डुक्कर ह्यांच्या पंक्तीत त्याला बसविले आहे. परिणाम असा झाला की, ज्या वर्गाने ग्रंथ लिहिले त्याच्या अंगणात कोंबडीच राहिली नाही, आणि म्हणून कोंबड्याचे काय करावे ह्याविषयी आपले ग्रंथ जवळजवळ मुके आहेत. आपल्या मध्यमवर्गीय घरांत अंडे शिरले तेही डॉक्टरांनी औषध म्हणून सांगितल्यावर, निराळ्या भांड्यात आणि शेजाऱ्यांच्या नकळत. असा विधिनिषेध केवळ आपल्याकडेच होता असे नाही. ब्रिटन लोक ससा, कोंबडा व हंसजातीचा पक्षी खाणे निषिद्ध मानतात व केवळ हौसेसाठी पाळतात, असे ज्यूलियस सीझरने लिहून ठेवले आहे. उलट त्याच्या रोमचा प्रकार पाहण्यासारखा आहे. इ. स. पूर्व १६१ साली तेथे चैन रोखण्यासाठी एक कायदा झाला आणि पुष्ट केलेली कोंबडी ताटात वाढण्यास मनाई झाली. लोकांनी कायदा बारकाईने वाचला. त्यात मादीचा उल्लेख होता. तेव्हा त्यांनी दुधात भिजविलेला दाणा घालून नर पुष्ट करावयास आरंभ केला. ही हकीकत प्लिनीने दिली आहे. कायद्याने जादा कोंबड्याला इतकी किंमत आणून दिल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

झुंजीचा मार्ग ह्या सर्वांहून निराळा. निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत आणि सजीव प्राण्यांवर पैज लावतात तो समाह्वय, असा भेद मनूने केला आहे, आणि राजाने दोन्ही बंद करावीत असे सांगितले आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांत मात्र मेंढे, कोंबडे व लावे ह्यांच्या झुंजी आहेत, आणि दंडीच्या दशकुमारचरितात प्रमतीच्या कथेत अशा झुंजीचा प्रसंग येतो. मुसलमानी अमदानीत ह्या शोकाने दरबारी रूप घेतले. लखनौस कर्नल मॉर्डंट आणि नबाब आसफउद्दौला ह्यांच्यात १७८४ च्या सुमारास झालेल्या झुंजीचे झोफानीने काढलेले चित्र प्रसिद्धच आहे. झुंजीच्या कोंबड्यास असील म्हणतात; तो अरबी शब्द आणि आपला अस्सल हा शब्द एकाच मुळातले. १९६० च्या कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे हा गुन्हा ठरला, तरी चंद्रपूर व गडचिरोलीकडे कोंबडबाजार अजून भरतात आणि पायाला काती बांधलेले कोंबडे एकमेकांची पोटे फाडतात. हा प्रकार अमानुष आहे ह्याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

परंतु येथेच प्रश्नाची खरी ग्यानबाची मेख आहे. झुंजवाल्याच्या क्रौर्याचा कितीही धिक्कार केला, तरी एक गोष्ट मान्य करावी लागते: कोणता नर राखावयाचा ह्याचा विचार शतकानुशतके नेटाने केला तो त्यानेच. जो जिंकेल त्याची वीण घ्यावयाची, हा त्याचा दंडक. म्हणून असील ही जात आजतागायत आपल्या उंचीनिशी व हाडपेरानिशी टिकून आहे. इतरांनी काय केले? देवाला द्यावयाचा कोंबडा निर्व्यंग पाहिजे, म्हणून सर्वांत देखणा देवाला गेला. पाहुण्याला भरलेला पाहिजे, म्हणून सर्वांत वजनदार पाहुण्याला गेला. व्यापारी आला, त्याने उरलेल्यांतला बरा उचलला. आणि चौघांनी नाकारलेला, पिसे झडलेला, पळपुटा नर खुराड्यात राहिला. पुढच्या वर्षीच्या यच्चयावत पिल्लांचा बाप तो. कोंबड्या दहा असतील तर प्रत्येकीचा वाटा दहावा. नर एकच, त्याचा वाटा प्रत्येक पिल्लात निम्मा. देशी कोंबडी लहान आणि कमी अंडी देणारी का, ह्याचे कारण लोक उकिरड्यावरच्या खाण्यात शोधतात. ते खरेच आहे; परंतु नकोसे कोंबडे निवडण्याच्या नादात हवासा कोंबडा निवडावयाचा राहून गेला, हेही तितकेच खरे आहे असे आम्हांस वाटते.

गेल्या शतकात पाश्चात्त्यांनी ह्या प्रश्नास शास्त्र लावले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात धान्याची टंचाई होती. नको असलेल्या नरांस महिनोन्‌महिने दाणा कशाला घालावा, असा विचार पुढे आला. केंब्रिजचे जननशास्त्रज्ञ प्राध्यापक पनेट ह्यांनी तोड सुचविली. कोंबडी आपला पिसांच्या रंगाचा विशिष्ट गुण फक्त मुलग्यांना देते. तेव्हा पट्टेरी कोंबडीला साधा नर दिला, तर डोक्यावर पांढरा ठिपका असलेले पिल्लू नर समजावे. पहिल्याच दिवशी निवड होते. पुढे जपानात मासुई आणि हाशिमोटो ह्यांनी एक दिवसाच्या पिल्लाच्या गुदद्वारातील सूक्ष्म उंचवटा पाहून लिंग ओळखण्याची रीत बसविली, आणि १९२७ साली कॅनडात ओटावा येथील जागतिक कुक्कुट परिषदेत ती मांडली. थोड्याच वर्षांत जपानी पारखी जगभर हिंडू लागले. खेड्यातील बाई जो निर्णय चार महिन्यांनी घेत असे, तो आता काही क्षणांत होऊ लागला.

दुसरा बदल ह्याहून खोल. १९४८ साली, इकडे हैदराबाद संस्थान हिंदी संघराज्यात सामील होत होते त्याच वर्षी, अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ ह्या नावाच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. जास्तीत जास्त मांस धरणारे पाखरू निर्माण करणे हा तिचा हेतू. तेव्हापासून अंड्यांची कोंबडी व मांसाची कोंबडी ह्यांच्या वाटा कायमच्या फुटल्या. मांसाच्या जातीत नर-मादी दोन्ही चालतात. अंड्यांच्या जातीतला नर मात्र सर्वस्वी निरुपयोगी ठरला: अंडे देत नाही, आणि अंगही धरीत नाही. जगभर अशी अब्जावधी पिल्ले जन्माच्या पहिल्याच दिवशी यंत्रात किंवा वायूने मारली जातात. आपल्याकडे पुण्यात १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज निघाली, १९८२ साली अंड्यांच्या भावासाठी राष्ट्रीय समन्वय समिती झाली, आणि अंडे गावोगाव पोहोचले. पण त्या अंड्यामागचे भावंड कोणी पाहिले नाही. पाहिले असेल तर निराळ्या वेषात. शहरातील बाजारात हिरवी, गुलाबी रंगविलेली पिल्ले मुलांसाठी विकावयास येतात, ती बहुधा ह्या टाकाऊ नरांपैकीच असतात. ती मरतात लवकर. एखादे जगले तर तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जात पहाटे चार वाजता आरवते, आणि जुना प्रश्न सुशिक्षित घरापुढे येऊन उभा राहतो.

जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अशा पिल्लांच्या हत्येस कायद्याने बंदी केली, फ्रान्सने २०२३ पासून. आता तेथे अंड्यातच लिंग ओळखून नराचे अंडे उबण्याच्या मध्येच बाजूस काढतात, किंवा नर वाढवून त्याचा खर्च अंड्यावर चढवितात. ह्या उपायांत दया आहे, ह्यात संशय नाही. तथापि खेड्यातील चाल आणि ही चाल ह्यांत एक भेद उरतोच. सुरीखाली जाण्यापूर्वी खेड्यातला कोंबडा चार-सहा महिने उन्हात फिरला, उकिरडा उकरला, आरवला. आणि त्याचे काय करावयाचे हे ठरविणाऱ्या बाईने त्याला अंड्यापासून पाहिलेले होते.

आपल्या सरकारनेही नराची शक्ती ओळखली होती. १९५२ साली समूहविकास योजना सुरू झाल्यावर खेड्यांतील देशी नर काढून लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड अशा सुधारलेल्या जातींचे नर देण्याचे प्रयत्न झाले. हिशेब सरळ होता: पहिल्या पिढीत निम्मे रक्त नवे, दुसरीत पाऊण, तिसरीत सात-अष्टमांश. परंतु पांढरा लेगहॉर्न घारीला लांबूनही दिसतो, आणि चोरी-साथीतून जगण्याची देशी पाखराची हुशारी त्याच्याजवळ नसते. पुढे हैदराबादच्या संशोधन केंद्राने वनराज ही रंगीत पिसांची दुहेरी उपयोगाची जात परसासाठी काढली; तिच्यातील नर वजन धरतो, म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. पण ती सहसा खुडूक होत नाही. पिल्लांसाठी पुन्हा उबवणी केंद्राकडेच जावे लागते.

दरम्यान काळाने एक गंमत केली आहे. पांढऱ्या, बेचव मांसाला कंटाळलेले शहर आता गावरान कोंबडा मागू लागले आहे, आणि ढाब्यांच्या पाट्यांवर त्याचे नाव मोठ्या अक्षरांनी झळकते. मराठवाड्यातील आठवडे बाजारांत व्यापारी तलंगेच्या आधी नर विचारतो, आणि भाव चांगला देतो. जो जादा होता तो नगदी माल झाला. ह्यात बाईच्या हाती चार पैसे अधिक येतात ही समाधानाची गोष्ट. पण धोका तोच, किंबहुना वाढलेला. पूर्वी देव वर्षातून एकदोनदाच मागत असे; व्यापारी दर आठवड्यास येतो, आणि त्याची नजर देवापेक्षा तीक्ष्ण असते.

तेव्हा ज्या घरी खुडूक बसते त्यांनी विक्रीची वाट न पाहता, तुरे लाल होऊ लागताच, सर्व नर एकदा नीट पाहावेत: चाल कशी, छाती किती रुंद, पाय सरळ की नाही, घारीची सावली पडताच कोणता प्रथम ओरडतो, आणि ज्या कोंबडीने सर्वांत अधिक अंडी दिली तिचा कोणता. असा एक राखावा. आपल्याच मुलींवर तो राहू नये म्हणून दोन वर्षांनी शेजारच्या गावच्या सोयऱ्याशी अदलाबदल करावी. आपली कोंबडी ओळखू यावी म्हणून बायका तिच्या पायाला रंगीत चिंधी बांधतातच. तसलीच एक ह्या नराच्या पायाला बांधून ठेवावी, आणि व्यापारी आला, नवस आला किंवा जावई आला, तरी ती सोडू नये. बाकीच्या तिघांचा भाव करावा.